तिच्याबरोबर मी होते

"खालून दुसरी ओळ वाचा, काकू," मी म्हटलं.

काकूंच्या नाकावर चाचणीची जड गोल फ्रेम होती आणि मी तिच्या डाव्या खाचेतली काच बदलत होते. काकू म्हणजे चिमणीची आई. चिमणी माझी शाळेपासूनची मैत्रीण. वर्गात ती अखंड चिवचिव करायची, म्हणून बाईंनीच तिला ते नाव ठेवलं होतं आणि ते पुढे घरापर्यंत गेलं.

काकूंनी ओळ वाचलीच नाही. म्हणाल्या, "तुझी चप्पल मिळाली का गं शेवटी?"

"कुठली चप्पल?"

"रविवारी तळ्यात वाहून गेली ती. चिमणी सांगत होती, अर्धा तास बांधावर लंगडी घालत फिरलीस म्हणून. आम्ही सगळे हसून हसून बेजार."

रविवारी मी घरी पडदे धुतले होते. मी स्टुलावर, माझी मावशी खाली स्टूल धरून. तळं मी दोन वर्षांत डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, आणि माझ्या दोन्ही चपला त्या क्षणी माझ्याच पायांत होत्या.

"नाही मिळाली, काकू," मी म्हटलं. "वाचा ओळ."

असं का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझं कामच असं आहे की समोरचा खोटं बोलतोय हे मला लगेच कळतं. माणसं तक्त्यावरचं अक्षर दिसत नसताना अंदाजाने ठोकून देतात, रांगेत बसल्या बसल्या आधीच्या माणसाचं ऐकून ओळ पाठ करतात. चष्म्याचा नंबर वाढला हे कुणाला कबूल करायचं नसतं. मी मुकाट्याने तक्ता बदलते आणि त्यांना पकडते. त्या दिवशी मात्र दुसऱ्याचं खोटं मी स्वतःच पुढे रेटलं.

काकू निघताना म्हणाल्या, "तुझ्यामुळे तिचे रविवार बरे जातात हो. नाहीतर घरात नुसती घुम्यासारखी बसते. मागे तू त्या होडीवाल्याशी भांडलीस, बसमध्ये गाणं म्हटलंस, सगळं सांगत असते."

मी कधी कोणाशी भांडत नाही. गाणं तर न्हाणीघरातही म्हणत नाही.

त्या गेल्या, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

आम्ही कॉलेजात चौघी होतो. दर महिन्याला कुठे ना कुठे जायचो. किल्ला, तळं, नाहीतर नुसतं शेवटच्या स्टॉपपर्यंत बसने जाऊन परत. मग एकीचं लग्न झालं, एक नोकरीसाठी लांब गेली. उरलो चिमणी आणि मी. वर्षभर टिकलं. त्यानंतर ती फोन उचलेनाशी झाली. 'बिझी आहे गं', 'नंतर करते', 'या रविवारी नाही जमणार'. मी म्हटलं, कामाचा ताण असेल. कपडे धुण्याच्या मशीनच्या कंपनीत ती फोनवर लोकांच्या तक्रारी घेते. मग मीही विचारणं सोडलं. रविवारी मावशीचा रेडिओ ऐकत घर आवरायची सवय लागली. मावशीला कमी ऐकू येतं, त्यामुळे रेडिओ आमच्या अख्ख्या मजल्याला ऐकू येतो.

आणि इथे चिमणीच्या घरी मी दर पंधरा दिवसांनी होडीवाल्यांशी भांडत होते.

संध्याकाळी मी तिला फोन केला. नशिबाने उचलला.

"रविवारी काय केलंस गं?" मी सहज विचारल्यासारखा खडा टाकून पाहिला.

"काही नाही. घरीच. डोकं दुखत होतं, झोपून होते."

"कुठे गेली नाहीस?"

"कुठे जाणार? तू काय केलंस?"

"पडदे धुतले."

"छान," ती म्हणाली, आणि दुसरा फोन येतोय म्हणून ठेवून दिला.

म्हणजे घरी सांगायचं मैत्रिणीबरोबर होते, आणि मैत्रिणीला सांगायचं घरी होते. कुठेतरी पाणी मुरत होतं. आणि अशा वेळी जे कोणाच्याही डोक्यात येईल तेच माझ्या डोक्यात आलं. कोणीतरी पुरुष. लपवावा लागतो म्हणजे लग्न झालेला. तिच्या ऑफिसातला असणार, वयाने मोठा, गोड बोलणारा. रात्रभर मी त्याला घडवत बसले. सकाळपर्यंत त्याला मिशी आणि दोन मुलं झाली होती.

काळजी वाटत होती, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. त्या माणसापेक्षा मला जास्त सलत होती ती दुसरी मी, लंगडी घालणारी, बसमध्ये गाणारी. तिला चिमणी दर पंधरवड्याला बरोबर न्यायची आणि मला साधा फोन उचलून बोलायची नाही.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी आमच्या चष्म्याच्या दुकानात तिचा दादा आला. गॉगल बघायचाय म्हणाला. चार गॉगल लावून पाहिले, आरशात एकदाही बघितलं नाही.

"परवा तळ्यालाच ना परत?" त्याने विचारलं.

"हो."

"सातच्या बसने?"

"हो, सातच्याच," मी म्हटलं. त्याने मला तपासता तपासता मला हवं ते सांगून टाकलं होतं.

"तू असतेस बरोबर म्हणून आम्ही निर्धास्त," दादा म्हणाला आणि गॉगल काढून काचेवर ठेवला. "नाहीतर दिवस काही बरे नाहीत." ते बोलताना तो माझ्याकडे बघत होता, तक्त्यासमोर बसलेल्या माणसाकडे मी बघते तसा. त्याच्याही मनात काहीतरी आहे, हे मला तेव्हाच कळलं.

रविवारी मी पावणेसातला स्टँडवर होते. डोक्याला रुमाल, डोळ्यांवर दुकानातला मोठा गॉगल. चिमणी आली. एकटीच. पुढच्या बाजूला खिडकीशी बसली. मी मागच्या दाराने चढले आणि एका माणसाच्या कोबीच्या गोण्यांच्या आड अंग चोरून बसले. प्रत्येक थांब्यावर कोण चढतंय ते मी मान लांब करून बघत होते. एका थांब्यावर मिशीवाला चढला. तो तिच्या शेजारी जाऊन बसला तेव्हा मी गोण्यांवरून अर्धी उठून बघायला लागले. दोन थांब्यांनी तो उतरून गेला. तिने त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

चिमणीने पर्समधून फोन काढला, बंद केला आणि आत टाकला. मला वाटलं, आता ठरलेल्या जागी भेटायचं असणार.

तळ्यावर ती उतरली. मी तिकिटाच्या खिडकीमागे गेले, जिथे होड्यांची तिकिटं देतात. तिथून बांध सरळ दिसतो. ती बांधावरून चालत टोकाच्या दगडी बाकापर्यंत गेली, बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले आणि पाय वर घेऊन बसली.

मी वाट बघत राहिले. आठ, साडेआठ. टोपीवाले एक आजोबा आले, हा नसणार. मोटारसायकलवरून एक जण आला, थांबला, मी म्हटलं हाच. त्याने तळ्याचा फोटो काढला आणि गेला. एक माणूस कुत्रा घेऊन तिच्या अगदी जवळून गेला आणि त्याने मान हलवली. तिनेही हलवली. ती खूण असेल म्हणून मी त्याच्यावर नजर ठेवून होते, पण तो तर सगळ्यांनाच मान हलवत चालला होता.

नऊ वाजले, दहा वाजले. तिने डबा उघडला आणि सावकाश खाल्लं, एकेक घास लांबवत. मग आडवी झाली, तोंडावर स्कार्फ टाकला. उठून बसली. पाण्याकडे बघत राहिली. तिने काही केलंच नाही. पुस्तक नाही, गाणी नाही, फोन नाही. तिकिटाच्या खिडकीतली बाई मला म्हणाली, "तुम्हाला होडी हवीय की सावली हवीय?" मी शेंगांचा एक पुडा घेतला आणि तिथेच राहिले.

साप साप म्हणून मी पंधरा दिवस भुई धोपटत होते, आणि साप कुठेच नव्हता. मला हायसं वाटायला हवं होतं. पण वाटला तो राग. पुरुष असता तर मी समजू शकले असते. अकराच्या सुमाराला मी रुमाल काढला आणि सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कोणाची वाट बघतेस?"

ती दचकली नाही. वर बघितलं, माझा गॉगल बघितला, माझ्या हातातला शेंगांचा पुडा बघितला.

"कोणाचीच नाही," ती म्हणाली. "तू कधीपासून आहेस?"

"सातच्या बसपासून."

"दादाने पाठवलं?"

"मला कोण पाठवणार? तुझी आई दुकानात आली होती. माझी चप्पल वाहून गेली म्हणे."

ती लाजली. खरंच लाजली, कानापर्यंत लाल झाली. सरकून तिने बाकावर जागा केली. मी बसले नाही.

"कोण आहे तो?" मी विचारलं.

"कोणी नाही गं. मी अशीच येते. एकटी."

"एकटी येऊन काय करतेस?"

"हेच. बघितलंस ना तीन-चार तास."

मला पटेना. मी परत परत उलटसुलट विचारलं. शेवटी ती म्हणाली, "आमचं घर बघितलंयस ना तू? दोन खोल्या. आजोबा पलंगावर, आई, दादा, वहिनी, दोन पोरी. मी दोघी पोरींच्या मधे झोपते. न्हाणीघरात गेले तर पाच मिनिटांत दार वाजतं. आठ तास फोनवर लोकांचं ऐकते. मशीनमधून पाणी गळतंय, मशीन हलतंय, मशीन बंद पडलंय. घरी आले की वहिनी आईबद्दल सांगते आणि आई वहिनीबद्दल. मला पंधरा दिवसांतून एक दिवस कोणाचं काही ऐकायचं नसतं. बास. एवढंच आहे."

"मग एकटी जाते म्हणून सांग ना."

"सांगितलं होतं एकदा. आई रडायला लागली. कशाला एकटी? भांडण झालं का? कोणी फसवलं का? जीवबीव द्यायला चाललीस का? दादा तर म्हणाला, एकटी कोणी जात नसतं, एकटी म्हणजे कोणीतरी असतोच. काय सांगू त्यांना? माणसाबरोबर गेलं तर त्याला फिरणं म्हणतात. एकटीने गेलं तर त्याला कारण लागतं."

"म्हणून माझं नाव."

"तुझं नाव घेतलं की पुढे कोणी काही विचारत नाही. तुझ्यावर कोण संशय घेईल?"

ती हे चांगल्या अर्थानेच म्हणाली. मला मात्र मी एखाद्या दाराच्या कडीसारखी वाटले.

मी विचारायचं नव्हतं ते विचारलं. "मग मला खरंच का नाही बोलावलंस?"

लांबवर होडीत कोणीतरी हसत होतं. मग ती अगदी हळू म्हणाली, "तू आली असतीस तर बोलावं लागलं असतं."

"मी गप्प बसले असते, चिमणी."

"नसतीस. आणि बसली असतीस तरी तू गप्प बसली आहेस याकडे माझं लक्ष राहिलं असतं."

मी शेंगांचा पुडा तिच्या बाजूला ठेवला. का ठेवला कोण जाणे, हातात काही नको होतं.

"रागावलीस," ती म्हणाली. "चल, एकत्रच जाऊ परत."

"तुझी बस किती वाजताची?"

"चारची."

"मग बस ना. अजून वेळ आहे तुला," मी म्हटलं आणि साडेअकराची बस धरली.

पुढचे तीन दिवस मी दुकानात कोणाशी धड बोलले नाही. पॉलिश केलेल्या काचा परत पुसल्या. एकदा तर ठरवूनच टाकलं, काकू चष्मा न्यायला येतील तेव्हा सांगायचं. फार काही बोलायला नको. 'मी तर दोन वर्षांत तिच्याबरोबर कुठेच गेलेली नाही, काकू,' एवढं एक वाक्य पुरे होतं. मग बघू कोणाचे रविवार कसे जातात ते.

गुरुवारी काकू आल्या, पण एकट्या नव्हत्या. बरोबर दादा होता. काकू खुर्चीत बसल्या, दादा उभाच राहिला.

"तुला एक विचारायचंय," दादा म्हणाला. "रविवारी माझ्या एका मित्राने चिमणीला तळ्यावर बघितलं. कुत्रा फिरवतो तो तिकडे. म्हणाला, एकटीच बसली होती. तू कुठे होतीस?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. जुन्या चष्म्यातून त्यांना माझा चेहरा धड दिसतही नसणार, तरी डोळे बारीक करून बघत होत्या. तोंडाशी आलेलं ते एक वाक्य माझ्याजवळ तयार होतं.

"मी तिकिटाच्या खिडकीपाशी होते," मी म्हटलं.

"दिवसभर?"

"अकरा वाजेपर्यंत. मग आम्ही भेटलो. मग मी साडेअकराच्या बसने परत आले."

"म्हणजे गेलात एकत्र आणि बसलात वेगवेगळ्या?"

"आमचं बिनसलं होतं."

पर्समध्ये तिकिटं चुरगळून पडली होती, दोन्ही, जातानाचं आणि येतानाचं. ती मी काचेवर सरळ करून ठेवली. दादाने वाकून तारीख वाचली. वेळही वाचली. त्याला काहीतरी मिळेल असं वाटत होतं आणि ते मिळत नव्हतं.

"कशावरून बिनसलं?"

"तिला शांत बसायचं होतं. मला बोलायचं होतं," मी म्हटलं. "मी 'कोणाची वाट बघतेस, काय करतेस' असले प्रश्न विचारत बसले. तिने सांगितलं, तू असलीस की बोलावं लागतं. मला राग आला."

त्यात एक शब्द खोटा नव्हता. बोलता बोलता माझा आवाज चढला, आणि त्या चढलेल्या आवाजावरच त्यांचा विश्वास बसला. दादाची नजर खाली गेली.

काकूंनी मात्र सुस्कारा सोडला. "आहेच ती तशी. घरीसुद्धा असंच तोडून बोलते. तू मनावर घेऊ नकोस गं. तुझ्याशिवाय आहे कोण तिला?"

मी त्यांना नवा चष्मा लावून दिला, कानामागे दांडी जरा वाकवली. त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं, मग दादाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "किती वाळलास रे तू." दादा बाहेर जाऊन उभा राहिला.

त्यांनी घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे. रात्री नऊ वाजता चिमणीचा फोन आला. किती महिन्यांनी तिने आपणहून केला होता. मागे पोरींचा दंगा, भांडी, आजोबांचा खोकला.

"आईने सांगितलं सगळं," ती दबक्या आवाजात म्हणाली. पलीकडे कोणीतरी 'कोणाचा फोन?' म्हणून विचारलं, ती "तिचाच," म्हणाली. मग मला, "पुढच्या वेळी तू ये. खरंच ये. मी मनापासून म्हणतेय."

मला तिचा आवाज पाठ आहे. मनापासून म्हणतेय असं ती म्हणते तेव्हा ते तिने ठरवलेलं असतं, वाटलेलं नसतं. ती माझं देणं लागल्यासारखं आपल्या दिवसातला अर्धा दिवस मला काढून देत होती. हो म्हटलं असतं तर आम्ही त्या बाकावर बसलो असतो, ती हसून बोलली असती आणि चारच्या बसने दमून घरी गेली असती.

"मी नाही येत," मी म्हटलं. "तू जा. मी आलेय असं सांग."

एवढ्या गडबडीतही तिचा श्वास मला ऐकू आला. "बरं," ती म्हणाली.

तो रविवार उजाडला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला घरी राहता येणार नाही. काकू आमच्याच गल्लीतून भाजीला जातात. मावशी दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलते, आणि तिला कमी ऐकू येतं म्हणून तिचं बोलणं साऱ्या गल्लीला ऐकू जातं. मी खिडकीत दिसले तरी सगळं अंगाशी आलं असतं.

"मी चिमणीबरोबर चाललेय," मी मावशीच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"बरं झालं बाई," मावशी म्हणाली. "जा. किती दिवसांनी बाहेर पडतेयस. दोघी जपून जा." आणि माझ्या डब्यात तिने दोघींना पुरेल एवढं भरलं.

स्टँडवर मी तळ्याची बस निघून जाईपर्यंत थांबले. मग दुसऱ्या बाजूला जाणारी जी पहिली बस दिसली तिच्यात चढले. कंडक्टरने विचारलं कुठे, मी म्हटलं शेवटपर्यंत. सगळ्या वाटेवर मला वाटत राहिलं की लोक बघताहेत, ही बाई एकटी कुठे चाललीय, कोणाला भेटायला चाललीय. पुढच्या बाकावरच्या बाईने तर दोनदा मागे वळून पाहिलं. तिच्या जागी मी असते तर मीही पाहिलं असतं.

शेवटचा स्टॉप म्हणजे एका नदीवरचा जुना पूल होता. चहाची एक टपरी, पुलाखाली धुणं वाळत घातलेलं, आणि काठावर सिमेंटचा एक लांब बाक. मी टपरीवर चहा मागितला.

"दोन ना?" चहावाल्याने माझ्या मागे बघत विचारलं. मागे कोणी नव्हतं.

"एक," मी म्हटलं.

चहा घेऊन मी बाकाच्या अगदी टोकाला बसले, डबा मांडीवर, दुसऱ्या कोणाला जागा लागेल म्हणून अंग आवळून. पाणी फारसं नव्हतं. पलीकडे एक बाई चादर पिळत होती. मी तशीच बसून राहिले. कोणी आलं नाही. मग मी बाकाच्या मधोमध सरकले, डबा शेजारी ठेवला आणि पाय वर घेतले.